कंपनी आणि रोह्याची भाकरी

पेण, डिसेंबर १९९४

प्रिय एलियाह,

शालोम आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरने सांगितलं असेल तर चढू नकोस. माझी तब्येत उत्तम. ब्लडप्रेशर आहे, पण ते ज्याचं त्याने धाकात ठेवायचं असतं.

गेल्या पत्रात तू पुन्हा तेच लिहिलंस, की पेणमध्ये आपलं आता कोण उरलंय, तिथे तुला कंपनी कोणाची, इकडे अश्दोदला ये. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला 'कंपनी'सारखा शब्द सहज टाकून लिहू नये. मी लगेच जाडा शब्दकोश काढला (वाळवीने शेवटची अक्षरं खाल्ली आहेत, 'सी' शाबूत आहे). शब्द मुळात लॅटिन. 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे रोटी. एकत्र रोटी मोडून खाणारे, ते सोबती. आपला पावसुद्धा त्या पानिसचाच वंशज, पोर्तुगीजांच्या हातून आलेला. पुढे एकत्र खाणारे एकत्र व्यापार करू लागले आणि त्यातल्या एका टोळीने आपल्यावर राज्य केलं. पणजोबा त्या कंपनी सरकारच्या फौजेत. फौजेच्या तुकडीलाही कंपनीच म्हणतात, म्हणजे बिचारे कंपनीच्या कंपनीत होते. मग नाटक कंपनी आली. आणि आता आपल्या जिल्ह्यात जिथून धूर निघतो ती कंपनी. डोलवीला कंपनी, धाटावला कंपनी. मुलगा काय करतो विचारलं की 'कंपनीत हाय' एवढं पुरतं. तिथे काय करतो हे विचारणं असभ्यपणाचं.

या धुराच्या कंपनीपायी गेल्या रविवारी रोह्याला माझी शोभा झाली. शेजारच्या सीताचा नवरा हिरामण (घरजावई, हमरापूरला गणपतींचा कारखाना) तुला आठवत असेल. त्यांची मुलगी नम्रता मूर्तींचे डोळे रंगवते. मूर्ती न्यायला आलेला रोह्याचा निलेश तिला आवडला, आणि त्याच्याकडून रीतसर मागणीही आली. मुलगा धाटावच्या कंपनीत, म्हणून हिरामण खूश. मग कळलं की तो कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा. झालं! हिरामणने नकार ठरवला आणि तो द्यायला मला बरोबर घेतलं. "बाय, तुमच्या तोंडात नकार पन शोबून दिसल. आमी बोललो तर भांडान व्हईल." (ही स्तुती आहे का, ते मला अजून कळलेलं नाही.) नम्रता फाटकापर्यंत आली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

रोह्याला निलेशच्या आईने, इंदुबाईने, चहा दिला. हिरामणने घसा खाकरून पोरगा परमनंट नसल्याचं काढलं. इंदुबाई उसळली, "परमनंट कोन हाय ओ? तुमचा गनपती तरी दहा दिसांचाच ना?" हिरामणने माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी. मी म्हटलं, आधी कंपनी म्हणजे काय ते समजून घ्या, आणि पानिसपासून सुरुवात केली. कुणाच्याच चेहऱ्यावर उजेड पडेना. नुसतं सांगून वर्गाला कळत नसेल तर दाखवावं लागतं, हा माझा जुना नियम. बाजूला परातीत तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं झाकून ठेवलं होतं. मी एक भाकरी उचलली, मोडली, अर्धी इंदुबाईच्या हातात दिली आणि उरलेली बिरड्याला लावून खाल्ली.

मला वाटलं, धडा पोचला. तेवढ्यात इंदुबाई आतल्या बाजूला ओरडली, "सगुणा गो, साखर आन! पोरीच्या मावशीनं घास मोडला!"

त्यांच्याकडे रीत अशी, की बोलणी पक्की होईपर्यंत मुलीकडच्यांनी चहा घ्यावा, अन्न मोडू नये. घास मोडला म्हणजे होकार. हिरामणचा चेहरा न रंगवलेल्या मूर्तीसारखा झाला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्यात साखर पडली होती. परतीच्या एसटीत तो नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "भूक लागलेली तर सांगायचं ना बाय. मी वडापाव घेतला असता."

नम्रताने दुसऱ्या दिवशी न सांगता माझं फाटक रंगवून दिलं. मूर्तींचा उरलेला गुलाबी रंग आहे. शोभत नाही, पण राहू दिलं आहे.

तेव्हा मला इथे कंपनी भरपूर आहे. अश्दोदला येण्याचं कारण दिसत नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
रेचल

ता.क. हिरामणची समजूत आहे की मला ती रीत ठाऊक नव्हती. या आळीतल्या किती लग्नांच्या बोलण्यांना मी बसले आहे, ते त्याला कळवू नकोस. मी घरून जेवून निघाले होते, हेही नको.

ता.क. दुसरा. लग्न वैशाखात. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो. सीताला सख्खा भाऊ नाही; आपल्या ओटीवर पाट मांडून दर भाऊबीजेला ती तुलाच ओवाळायची आणि तू ओवाळणीत फुटाणे घालून पळायचास. इंदुबाईने मामाची चौकशी केली. मी सांगून टाकलं, परदेशात आहे, येतो आहे.

ता.क. तिसरा. मला एक पुरते, तरी रात्री दोन भाकऱ्या थापायची सवय मोडत नाही. दुसरी मी सकाळी शिळी खाते. तिकीट लवकर काढ.