शिवणीच्या डोंगरावरचं पाणी

प्रिय क्रिस,

फोन सोडून मी पत्र लिहायला बसले म्हणजे काहीतरी झालंय, असं तुला वाटेल. घाबरू नकोस. आम्ही दोघंही जेवून-खाऊन ठीक आहोत. पण फोनवर बोलायला लागले की पप्पा शेजारी येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात, मग नेमकं सांगायचं तेच राहून जातं. शिरोड्याचा सुशांत परवा मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे देते.

आम्ही शिवणीच्या डोंगरावर जाऊन आलो. हो, आपल्या काजूंच्या मागचा, तोच. या मे महिन्यात, या उन्हात! बुधवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर पप्पा एस.टी.तला जुना खाकी शर्ट घालून, बूट चढवून दारात उभे. म्हणाले, "चल गो, पाणी बगून येवया." कसलं पाणी, विचारलं तर म्हणे माथ्याजवळ एक झरा आहे, मे महिन्यातसुद्धा आटत नाही, लहानपणी आजोबा त्यांना गवत कापायला न्यायचे तेव्हा तिथलंच पाणी प्यायचे. क्रिस, तू कधी ऐकलं होतंस हे? मी तरी नाही. शेजारच्या यशोदाकाकी कुंपणापलीकडून हसल्या, "त्या डोंगरार पाणी? गुरां तानेन परत येतत थंयसून!"

खरं सांगू? मला झऱ्यापेक्षा पप्पांचं कुतूहल वाटलं. गेले काही महिने ते मला अधूनमधून ईडा म्हणून हाक मारतात, मम्मी समजून. बांद्याच्या बाजारात एकदा पाव घेऊन दुकानाबाहेर उभे राहिले होते, घराकडची वाट कुठली ते सुचेना म्हणून. ज्या माणसाने त्या रस्त्यावर आयुष्यभर गाडी चालवली, त्याला! तेव्हा हा झरा खरा, की त्यांच्या डोक्यात कुठेतरी पाझरलेला, हे मला बघायचंच होतं. पाण्याच्या बाटल्या, कोकम सरबत, छत्री घेतली आणि निघालो.

काजूंतून जाताना गळून पडलेल्या बोंडूंचा आंबूस वास नाकात बसला होता. पप्पा सावकाश चालत होते, पण थांबत नव्हते. वर एके ठिकाणी वाट फुटते. उजवी चांगली मळलेली, डावी करवंदीच्या जाळीत शिरणारी. त्यांनी तिथल्या कातळावर हात टेकला, जरा वेळ उभे राहिले आणि सरळ डावीकडे वळले. मी विचारलं, खात्री आहे ना? तर म्हणाले, "गाडी मी चलवतंय मां? मगे कंडक्टरान गप ऱवाचा." इतकी हसले मी! कालचं जेवण न आठवणाऱ्या माणसाच्या पायांना साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची वाट कशी ठाऊक असते रे? त्यांच्या पाठीकडे बघत मी सबंध चढणभर तोच विचार करत होते. काट्यांनी हात ओरबाडून निघाले, तरी मला परत फिरावंसं वाटेना.

माथ्यावर मात्र नुसता तापलेला कातळ. चपलेतून चटके बसत होते. पश्चिमेला दूरवर समुद्राची बारीक रेघ चकाकत होती, पण पाण्याचा थेंब नाही. पप्पा इकडे गेले, तिकडे गेले, वाकून दगडांच्या फटी बघितल्या. मग मटकन खाली बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आमी खंय इलंव गो?"

बाटलीतलं पाणी तळाला गेलेलं, वर ऊन आणि मी एकटी. त्यांना छत्रीखाली बसवून उरलेलं सरबत पाजलं. खाली उतरायला सावलीची वाट दिसते का म्हणून कड्यापाशी गेले, तर जरा खाली, सगळ्या करपलेल्या उतारावर, एकच उंबर हिरवागार. हा इथे कशावर जगतो, असं वाटलं आणि बसत-घसरत मी तिथे उतरले. मुळांखाली खडक ओला होता. पाचोळा उपसला, तर आत आपल्या भाताच्या टोपाएवढा खळगा, आणि फटीतून करंगळीएवढी धार!

मी ओरडून हाक मारली. मग वर जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. शेजारच्या कुंभ्याच्या झाडाचं रुंद पान तोडून त्याचा द्रोण केला, स्वतः प्याले, मला दिला. तिसऱ्यांदा द्रोण भरला आणि तो हातात धरून मागे वळून बघत राहिले. "क्रिस्टोफर खंय ऱवलो? तेका हाडूक व्हया हुतो." तुला सोबत आणलं नाही, याची त्यांना चुटपुट लागली.

परतीच्या वाटेवर त्यांना एकही वळण ओळखता आलं नाही. मी पुढे, ते माझा हात धरून मागे. संध्याकाळी चहा पिताना माझ्याकडे बघून विचारलं, "तुझ्या हाताक काय झाला गो?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते, अगदी रंगून. शेवटी पुढे झुकून विचारलं, "पाणी गोड हुता?"

मी त्यांना पणजीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते तुला सांगितलं नाही. फोन करताना ते कायम शेजारी. आजार विसरण्याचाच आहे आणि तो मागे फिरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस माणसं ओळखतील, तेही सांगता येत नाही म्हणे. तू नाताळला येणार म्हणतोस. येशील तेव्हा ते तुला खुर्ची देतील, पाणी विचारतील, कुठल्या गावचे म्हणून चौकशीही करतील, पाहुण्याला करतात तशी. म्हणून आत्ता ये. रजा मिळत नसेल तर भांडून घे. आज ते तुला नावाने विचारतायत, क्रिस.

वाट बघणारी तुझी बहीण,
फेबी