‘उत्तर’ घेऊन दादाकडे

३ जानेवारी, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. नोंद राहिली पाहिजे. उद्या कोणी म्हणायला नको की मी रागाच्या भरात काही केलं. मी रागावलेलो नाही. चौदा महिने अत्यंत शांत आहे.

थोडक्यात हकीकत. वडिलांचं घर रिकामं करताना माळ्यावरून त्यांची हत्यारांची पेटी निघाली. मी फक्त म्हणालो, ही मी नेतो. त्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, तुझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला तर तू त्याने चहा ढवळशील. सगळे हसले. मामा हसले. आत्या हसली, आणि तिला तर ऐकूही येत नाही. सर्वांत जास्त वेळ आमची ही हसली. पेटी दादाने नेली.

ठराव: स्वतःच्या हाताने मोटारसायकल बांधणार. तिच्यावर बसून तीनशे ऐंशी किलोमीटर जाऊन दादाच्या दारात उभी करणार. हेल्मेट न काढता एक वाक्य बोलणार. पाण्याच्या थेंबालाही न शिवता परत.

वाक्य अजून ठरायचं आहे.

११ जानेवारी

ऑफिसच्या मागे एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीशी बोललो. त्याला समजावलं की मी अठरा वर्षं आवक-जावक विभागात आहे, एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. इंजिन म्हणजे तरी काय, योग्य वस्तू योग्य जागी. मिस्त्री ‘हूं’ म्हणाला. माणूस कमी बोलतो, पण पटलेलं दिसलं.

इंजिन एका दूधवाल्याच्या जुन्या गाडीचं मिळालं. सांगाडा दुसऱ्या गाडीचा, टाकी तिसरीची. चाकं दोन वेगवेगळ्या घराण्यांची, पण नांदतील. कागदपत्रांची फाईल मी स्वतः केली. मिस्त्री म्हणाला, साहेब, गाडीपेक्षा फाईल भक्कम आहे. दाद द्यायला मन मोठं लागतं.

२९ जानेवारी

आज मी इंजिन सांगाड्यात बसवलं. म्हणजे बसवलं मिस्त्रीने, पण बॅटरी मी धरली होती. उजेडाशिवाय काय होतं?

एक नट उरला. मिस्त्रीने विचारलं, हा कुठून आला. मी म्हणालो, जादाचा असेल. त्याने सगळं पुन्हा खोललं. वेळ वाया घालवायची सवय आहे त्याला.

१२ फेब्रुवारी

वहिनीचा हिला फोन. दादा बोलत नाही म्हणे. चौतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढली, ऑक्टोबरअखेर फोरमन म्हणून निवृत्त झाला, आणि नोव्हेंबरपासून खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत असतो. ताट अर्धं टाकतो. पेपरची घडी मोडत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. वहिनी म्हणाली, चार दिवस येऊन जा.

मी नोव्हेंबरवर विचार केला. नोव्हेंबरातच मी ताईला फोनवर म्हणालो होतो की दादाला एकदा दाखवणार आहे. ताईच्या पोटात काही राहत नाही. म्हणजे बातमी पोचली. माणूस धास्तावलाय.

हिला म्हणालो, त्याला त्याचं मन खातंय. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि आत गेली. म्हणजे पटलं.

२ मार्च

टाकीवर पेंटरकडून नाव घालून घेतलं. ‘उत्तर’. लाल अक्षरात, खाली पांढरी सावली. ज्याला समजायचं त्याला समजेल.

शिपायाने विचारलं, साहेब, मग दक्षिण कुठंय? दुर्लक्ष केलं.

९ मार्च

पहिली चाचणी. चौदाव्या किकला सुरू. आवाज भारदस्त. गल्लीला एक फेरी मारली. ब्रेक उत्तम लागतात, फक्त थोडे उशिरा. पुढचं चाक सलूनच्या पायरीवर चढलं. सलूनवाल्याने शांतपणे विचारलं, दाढी की कटिंग? हाही लक्षात ठेवलाय.

मागे बसतेस का म्हणून हिला विचारलं. ही म्हणाली, मी बसने जाईन, मला वहिनींना भेटायचंय आणि धडधाकट भेटायचंय.

१५ मार्च

वाक्य ठरलं. दारात उभं राहायचं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढायचा आणि म्हणायचं, ‘दादा, चहा कुठे आहे?’

आरशासमोर अकरा वेळा बोलून पाहिलं. अंगावर काटा येतो. हिला ऐकवलं. ही म्हणाली, ते म्हणतील, स्वयंपाकघरात.

बायकांना नाट्य कळत नाही.

२० मार्च, सकाळी ६.१०

आज तो दिवस. चार दिवसांची रजा मंजूर. ताशी साठ धरले तरी साडेसहा तास. दुपारी एकला दादाच्या दारात, एक वाजून पाच मिनिटांनी परतीच्या रस्त्यावर. ही सहाच्या बसने गेली. जाताना म्हणाली, अहो, त्यांच्याशी नीट बोला, ते बरे नाहीत. मी म्हणालो, एकच वाक्य बोलणार आहे.

सकाळी ६.५०

सुरू झाली.

सकाळी ९.२०

एकतीस किलोमीटर. पेट्रोल पंपावरच्या माणसाने टाकी वाचली आणि म्हणाला, काका, उत्तर तिकडे, तुम्ही दक्षिणेला चाललाय. मी त्याला अर्थ समजावला. मागे सहा गाड्या थांबल्या होत्या. त्यांनाही समजला असेल.

दुपारी १२

चेन उतरली. चढवली. उतरली. हात कोपरापर्यंत काळे. आता हात बघूनच दादाला कळेल.

दुपारी २.१५

हिचा फोन. ती पोचली, जेवली, वहिनीशी बोलून झालं. मी विचारलं, दादा काय करतोय. ही म्हणाली, खुर्चीत आहेत, मी आले तरी मान वर केली नाही. मी विचारलं, मी येतोय हे कळलंय ना त्याला. ही म्हणाली, कळलंय की नाही हेच कळत नाही.

लपवतोय.

संध्याकाळी ६

चौऱ्याण्णव किलोमीटर. लॉज. बसता येत नाही, म्हणून उभ्याने लिहितोय. सीट मी जुन्या सोफ्याच्या फोमची केली होती. त्या सोफ्यावर सासरे बसायचे. त्यांचाही हात असू शकतो यात.

२१ मार्च, सकाळी १०

चढावर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं. त्याच्या कॅरिअरला गॅसचा सिलिंडर बांधलेला होता. त्याने मागे वळून ‘येताय ना?’ असं विचारलं. चेहरा पाठ करून ठेवलाय.

दुपारी १

सायलेन्सर पडला. दीड किलोमीटर मागे चालत गेलो. दोन माणसं त्याच्याभोवती उभी राहून हे काय असावं यावर चर्चा करत होती. माझा आहे म्हटल्यावर त्यांनी आधी गाडी दाखवा म्हणून सांगितलं.

आता सायलेन्सर कॅरिअरला बांधलाय. आवाज तिप्पट. हे एका परीने बरंच झालं. दादाला दोन गल्ल्या आधी कळेल.

संध्याकाळी ५.३०

दोनशे दहा किलोमीटर. दुसरा लॉज. पोटरीला भाजलंय, एका कानाने ऐकू येत नाही. निश्चय पक्का. मात्र यादी वाढली आहे: दादा, हसलेले सर्व नातेवाईक, सलूनवाला, पंपवाला, सायकलवाला. मिस्त्रीचाही विचार चालू आहे.

२२ मार्च, सकाळी ११.४०

दोनशे नव्वदाव्या किलोमीटरला इंजिनातून कोणीतरी खाकरावं तसा आवाज आला आणि सगळं थांबलं. किक खालीच जात नाही. झाडाखाली बसलोय. अजून नव्वद किलोमीटर. ढकलत नेली तर तीन दिवस. रजा पुरणार नाही.

दुपारी १

गाद्या घेऊन चाललेला टेम्पो थांबला. गाडी गाद्यांवर आडवी केली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. त्याने सहज विचारलं, कुठे निघालात. मी त्याला पेटीपासून सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, त्याचाही एक भाऊ आहे, सहा वर्षं बोलणं नाही, मधल्या भिंतीवरून. मी म्हणालो, अजिबात नमू नका. तो म्हणाला, नमत नाहीच हो, पण हल्ली भिंत त्याला हवी होती की मला, तेच आठवत नाही.

कच्चा माणूस.

योजनेत किरकोळ बदल. गल्लीच्या तोंडाशी उतार आहे. तिथे गाडी उतरवायची, वर बसायचं आणि शेवटचे पन्नास मीटर घरंगळत जायचं. दुरून कोणाला कळत नाही.

संध्याकाळी ६.३०

ड्रायव्हरला घाई होती. टेम्पो थेट दादाच्या दाराशी लावला आणि हॉर्न दाबून धरला. अख्खी गल्ली बाहेर. चौघांनी फळी लावून गाडी उतरवली. एक गादीही उतरवली, ती परत चढवली.

मी हेल्मेट घालून उभा. दादा दारात आला.

हे जसंच्या तसं लिहून ठेवतो. दादा निम्मा झालाय. शर्टाचं एक बटण चुकलेलं, त्यामुळे सगळीच चुकलेली. ज्या माणसाच्या पॅंटच्या इस्त्रीने बोट कापावं, तो हा. तो पायरी उतरून गाडीपाशी आला. मी खिशात हात घातला. स्क्रू ड्रायव्हर अस्तरात अडकला. तो सोडवेपर्यंत दादा उकिडवा बसला, चेनवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘चेनचं लॉक उलटं बसवलंय.’

दारात वहिनीने हिचा हात घट्ट धरला. चेनच्या लॉकमध्ये हात धरण्यासारखं काय होतं, मला समजलं नाही.

दादा म्हणाला, पेटी आणा. कोणी हललं नाही. सगळे त्याच्याकडेच बघत होते. मग तो स्वतः जाऊन घेऊन आला.

वाक्य बोलायचं राहिलं. हेल्मेटचं बक्कल निघेना, आणि हेल्मेटमधून बोललेलं बाहेर नीट जात नव्हतं. शेवटी दादाने पट्टा पकडीने तोडला. तीन ग्लास पाणी प्यालो. ते फक्त घसा साफ व्हावा म्हणून, वाक्यासाठी.

२३ मार्च

दादाने सकाळी सातला इंजिन खाली घेतलं. अंगणात चादर, चादरीवर पेपर, पेपरवर सुटे भाग. दिवसभर बोलतोय. हे कोणत्या गाढवाने केलं? मी म्हणालो, मिस्त्रीने. आणि हे? मिस्त्रीने. मग तू काय केलंस? म्हणालो, देखरेख.

दुपारी वहिनीने दोनदा वाढलं तरी त्याने पुन्हा ताट पुढे केलं. वहिनी वाढता वाढता आत निघून गेली, ती लवकर बाहेर आली नाही. ही तिच्या मागे गेली. भात मलाच घ्यावा लागला.

त्याचा लेथवरचा जुना सोबती आला, मग शेजारचे दोघे. सगळे दादाला विचारतात, गाडी बांधताय वाटतं? आणि दादा ‘हो, बघू’ म्हणतो. मी बाजूलाच बसलो होतो. मला बॅटरी धरायला सांगितली.

नवा ठराव: इंजिन जोडून झालं की त्याच्या डोळ्यांदेखत किक मारून, मागे न बघता निघून जायचं. तो उभा राहील हात पुसत. तेच खरं उत्तर.

ऑफिसला फोन करून रजा वाढवली. कारण: कौटुंबिक.

२५ मार्च, दुपारी

पुतणी आली. हॉस्पिटलात नर्स आहे, दोन दिवस सुट्टी काढून आली. आल्या आल्या अंगणात बापाला बघून दारातच थांबली. दादा तेलकट हाताने सोबत्याला पिस्टन दाखवत होता आणि त्याचं चुकतंय म्हणून वाद घालत होता.

मग ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. म्हणाली, काका, तुम्ही मुद्दाम बिघडलेली गाडी आणलीत ना? डॉक्टर म्हणत होते, त्यांना हातांना काम द्या. आम्ही कोडी आणली, कुंड्या आणल्या. हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पाच महिन्यांत बाबा एक अख्खं वाक्य बोलले नव्हते.

माझा हात धरून उभी राहिली. हात अजून काळाच होता.

मी ‘हो’ म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. तो टोचत होता. ही मागे भांडी पुसत उभी होती. तिने ऐकलं. नुसतीच ताटं पुसत राहिली, आधीच कोरडी असलेली.

२६ मार्च, सकाळी ५.३०

आज निघणारच. गुपचूप अंगणात गेलो. इंजिन एकतीस तुकड्यांत. दादा माझ्या आधी उठून एकेक तुकडा रॉकेलमध्ये धूत बसलेला. शर्टाची बटणं बरोबर होती.

म्हणालो, दादा, मला गाडी घेऊन जायचंय. तो म्हणाला, ने की. आणि चादरीकडे हात केला.

थोडा वेळ तिथेच बसलो. त्याने न बघता एक फडकं माझ्याकडे फेकलं. सात तुकडे पुसले. एक तर मी पुन्हा पुसून घेतला, कारण त्याने परत दिला. मग तो म्हणाला, महिनाभर तरी लागेल गाडीला, तू कामावर जा, तुझी रजा किती खर्च करशील. मी म्हणालो, गाडी माझी आहे. तो म्हणाला, कोण नाही म्हणतंय, आणि कार्ब्युरेटर उचलून उजेडात धरला.

२७ मार्च, दुपारी, बसमध्ये

ही खिडकीशी, मी मधल्या वाटेला. सीट मऊ आहे. दादा बसस्टँडवर आला नाही. अंगणातूनच, मान वर न करता पाना हलवला. वहिनी मात्र वळणापर्यंत आली होती.

बस सुटल्यावर ही म्हणाली, चांगलं केलंत. मी विचारलं, काय? ही म्हणाली, जे केलंत ते. आणि झोपली, माझ्या खांद्यावर.

दुपारी ४

दादाचा फोन. स्वतः लावलेला. मी सावरून बसलो. हिला जाग येऊ न देता कानाला लावला. माफी मागणार असेल तर लगेच द्यायची नाही, असं ठरवलं.

दादा म्हणाला, तुझ्या त्या मिस्त्रीचा नंबर दे. मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, माणूस चेनच्या बाबतीत अडाणी आहे, पण सांगाड्याचं वेल्डिंग काय केलंय त्याने. अशी रेघ आता कोणी मारत नाही. एकदा बोलायचंय त्याच्याशी.

वेल्डिंग मी केलं असं म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेलीही होती.

ते मिस्त्रीचंच होतं. मी नंबर दिला.