याला भूक लागते

वरळी कोळीवाडा
२६ फेब्रुवारी १९५६

प्रिय जगदीश,

मी वॉर्डात आले की तू भिंतीकडे तोंड फिरवतोस, म्हणून लिहिते आहे. आईला वाचता येत नाही, तेव्हा पत्र बिनधास्त तिच्याच हाती देते. काल तुझा डबा चौथ्यांदा भरलेला परत आला. तिने तो उघडलाही नाही. "माझ्या हातची पेज बी नको झाली पोराला," एवढंच म्हणाली आणि चुलीपुढे बसून राहिली. मला तर रडूही येईना, इतकी भीती वाटते रे.

डॉक्टर म्हणतात, गोळीबारातली ती गोळी निघाली, जखमही भरतेय. पाय परत चालतील असं मात्र ते सांगत नाहीत. पण खाल्लं नाही तर तू आठवडाही काढणार नाहीस, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मोर्चाला तुला घेऊन गेलेला दत्ताराम रोज आपल्या दारात येतो. होडीतली तुझी जागा तो कुणाला देत नाही. सुकाणू बसूनच धरायचं असतं, म्हणतो.

आठवतं, ओहोटीला आपण किल्ल्याखालच्या खडकांत जायचो? तिथल्या डबक्यात खडकाला चिकटलेलं एक लालसर फूल होतं. मी मोठी शहाणी, त्याला झाड म्हणाले. तू त्यावर चिमूटभर जवळा टाकलास आणि त्याने पाकळ्या मिटून तो गिळला. "बाय, हे झाड नाय गो, याला भूक लागते!" असं ओरडत तू घरापर्यंत धावलास. सात वर्षांचा होतास.

हे मला मंगळवारी आठवायला हवं होतं. ट्रेनिंग कॉलेजातल्या आम्ही सगळ्याच जणी जिथे बसू तिथे पाठ मोठ्याने घोकतो, तशी मी तुझ्या खाटेशी बसून घोकत होते: हालचाल करतो तो प्राणी, जागची हलत नाही ती वनस्पती. मला वाटलं, तू झोपला आहेस. तू ऐकत होतास. त्या संध्याकाळपासून तू अन्नाला शिवला नाहीस, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला चार दिवस लागले. जगदीश, मी चुकीचं घोकत होते. ते डबक्यातलं फूल आपल्या डोळ्यांदेखत कधी जागचं हललं नाही. तरी ते प्राणीच, कारण त्याला खावं लागतं. उन्हावर जगणं झाडाला जमतं, तुला नाही जमणार. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालेल. पण उद्या आई पेज आणि सुका जवळा घेऊन येईल. तोंड उघड.

तुझीच बाय,
शांती