मीठ उडत नाही

३ नोव्हेंबर

सुधाकर, लेका, तुझ्या डोक्यात भुसा भरला का बे? चष्मा फ्रीजवर इसरला, डबा ओट्यावर, अन् माय फ्लॅटात! वरून मलेच सांगून गेला, आई, रोजचं रोज फोनात बोलत जा, तो लिहून घेते, मी पुण्यात वाचीन. आता बोलून राह्यली. मले अक्षर येत नाही, तवा फोननं काय लिवलं ते तुले माहीत.

घर झकास आहे. आपल्या वरवट गावासारखी धूळ नाही, नळ फिरवला की पाणी. मासोळी पिशवीसकट काचेच्या टाकीत तरंगत ठेवून तू गाडीत बसला, सोडाव मलेच लागलं. दिवा बंद केला, टाकीतलं पाणी वाटीवाटीनं पिशवीत घातलं, मंग जाळीनं अलगद सोडली. नारंगी, अंगावर पांढरे पट्टे. समुद्र कुठं अन् बुलढाणा कुठं! टाकीतली पह्यली मासोळी, म्हणून काचेले कुंकवाचं बोट लावलं. नाव ठेवलं पाहुणी.

५ नोव्हेंबर

तुझी ताकीद ध्यानात आहे. टाकीतलं खारं पाणी उतरलं की साधंच पाणी घालायचं. पाणी उडते, मीठ उडत नाही.

शेजारची जनकाबाई पाहुणीले पाह्यले आली. चहा पेली अन् म्हणे, पोरानं माय एकटी ठेवली, पण थाटात ठेवली. ती गेली तसा माझा मोतीबिंदूचा डावा डोळा ठणकू लागला. नजरच लागली. वरवटले भावजयीनं दृष्ट काढली असती. इथं कोण? मीठ-मोहऱ्या घेतल्या अन् माझ्यावरून मीच उतरवल्या. पण जाळाव कुठं? चूल नाही. शेगडी नवीकोरी, मीठ तडतडलं तर तुझी बायको शैलजा तोंड वाकडं करन. मोहऱ्या वेचल्या, मीठ टाकीत सोडलं. मिठाच्या पाण्यात मीठ, कोणाले समजते!

६ नोव्हेंबर

डोळा साफ! समोरच्या दुकानाची पाटी लख्ख दिसते. वाचता येत नाही, ती गोष्ट अलग.

पाहुणीच्या डाव्या डोळ्यावर सायीवानी आलं.

८ नोव्हेंबर

वाईट वाटलं, पण गुडघा जिना चढू देईना. त्याच्यावरूनही मीठ उतरवलं अन् टाकीत सोडलं. आता मी धडधड चढते अन् पाहुणी एका कुशीवर पोहते. जनकाबाईले सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणे, आपली दृष्ट आपण काढू नये, अन् उतरवलेलं मीठ घरात ठेवू नये. जे उतरवलं ते त्यातच राह्यते. मी हसण्यावारी नेलं.

११ नोव्हेंबर

तुझा फोन नाही. दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसते. जिन्यात चप्पल वाजली की वाटते, तूच. करमत नाही रे.

मनात आलं, हे बी उतरवून टाकाव. मूठभर मीठ छातीवरून —

१२ नोव्हेंबर

किती हलकं! दाराकडे आज पाह्यलंच नाही.

पाहुणी पाह्यते. दाराकडे तोंड करून जागीच उभी. दाणे टाकले, तोंडात घेतले, थुकले.

१३ नोव्हेंबर

फोन वाजला. कोणी माणूस आई-आई करून राह्यला होता. म्हटलं, राँग नंबर. त्याचा आवाज आला तशी पाहुणी काचेवर धडकली. पुन्हा. पुन्हा. फोन ठेवेपर्यंत.

काऊन बे? तिचा कोण लागते तो?

१४ नोव्हेंबर

टाकीत काहीतरी माझं आहे. काय, ते आठवत नाही. वाटीभर पाणी काढून पेली. एक नाव जिभेवर आलं — सुधाकर —

मंग ओकारी आली. नावही गेलं.

१५ नोव्हेंबर

भाऊ, तुम्ही कोण मले माहीत नाही. कोणी वाचत असन तर ऐका. इथं काचेमागं एक म्हातारी आहे. डावा डोळा पांढरा. एका कुशीवर. दार सोडत नाही. तुमचीच कोणी असन —

मले काही नको. भूकच नाही. तिच्यासाठी पाठवा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून जवसाचं तेल. गरम असतानाच. अन् मीठ घालू नका भाऊ, मीठ इथं लय —