मादामच्या चित्रातले हातमोजे

पॅरिस, ९ मार्च १७६८

प्रिय बाबा,

तुमच्या उर्स्युलचा नमस्कार. मी खुशाल आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का?

तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून सांगते. चित्रकार आला त्या दिवशी मादामनी तुम्ही पाठवलेले हातमोजेच घातले होते. त्याने लाल खडूने ते इतके हुबेहूब काढले की एकेक टाका दिसत होता. आता पॅरिसमध्ये आपल्या दुकानाचं नाव होणार, असं मी धरूनच चालले.

दुसऱ्या दिवशी त्यांची नणंद नवा पंखा घेऊन आली. "अगं वहिनी, हल्ली हातमोजे घालून कोण बसतं? गोरे हात दिसू देत की." झालं. मादामनी मोजे उतरवले, पंखा धरला. "अख्ख्या कागदावर तेवढंच तर जमलं होतं," असं पुटपुटत चित्रकाराने पावाच्या मऊ गोळ्याने तुमचे टाके पुसले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मादाम, माझ्या बाबांनी डोळे फोडून शिवलेत ते."

"मग तूच घाल," म्हणाल्या, आणि मोजे माझ्याकडे भिरकावले. असा संताप आला, पण बोलते कुणाला?

खोलीत येऊन घालून पाहिले. मादामचा हात माझ्याएवढाच आहे असं मीच कळवलं होतं, म्हणून तुम्ही माझ्या जुन्या मापावर शिवलेत. पण बाबा, ते माझ्या हातात शिरेनात. धुण्याने बोटं जरा सुजलीत, इतकंच. आईला एवढं वाचून दाखवू नका.

तुमचीच,
उर्स्युल