दार उजवीकडेच आहे

५ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणाला वाचायला देण्यासाठी नाही. पण उद्या कोणी विचारलं की ही लेव्हल तुम्हाला सुचली कशी, तर आठवत नाही म्हणणं बरं दिसणार नाही.
तर सुरुवात. आमच्या अंतराळातल्या बंदूकबाजीच्या गेमचा दुसरा भाग एप्रिलमध्ये येतोय. त्यातली सातवी लेव्हल माझी. ओसाड पडलेलं अंतराळ स्थानक, शेवटचा उरलेला पहारेकरी, त्याच्या मागे लागलेले यंत्रकिडे. एवढं सगळ्यांच्याच लेव्हलमध्ये आहे. माझ्या लेव्हलच्या शेवटी मात्र एक खोली आहे आणि तिला भलीमोठी खिडकी. त्या खिडकीतून पहारेकऱ्याला त्याचा ग्रह उगवताना दिसतो. तिकडे तो आता कधीच परत जाणार नसतो. ग्रहावरचा एकेक ढग मी हाताने ठेवलाय. दोन वर्षं लागली. माझं मागणं एकच: खेळाडूने तिथे बंदूक खाली करून जरा वेळ उभं राहावं.
पहिल्या भागातल्या माझ्या लेव्हलबद्दल एका खेळाडूने लिहिलं होतं, "ही ज्याने बनवली त्याला एकदा एकट्याला गाठायचं आहे." प्रिंट काढून ठेवलंय. बायको म्हणते ती धमकी आहे. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिला सगळीकडे जंतूच दिसतात.

८ फेब्रुवारी, गुरुवार
टेस्टचा पहिला दिवस. बाहेरची माणसं बोलावून त्यांना गेम खेळायला बसवतात. आम्ही बनवणारे मागच्या खुर्च्यांवर बसून बघतो. नियम: बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. उसासे टाकायचे नाहीत हा नियम मी आल्यानंतर झाला. टेस्ट घेणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात शांतताबाई म्हणतो. त्या मधूनमधून प्रश्न विचारतात, म्हणून खेळाडूने एक कान हेडफोनच्या बाहेर ठेवायचा असतो.
आज एक सलूनवाला, एक विमा एजंट आणि एक दातांची डॉक्टर. खिडकीच्या खोलीचं दार एकालाही सापडलं नाही. दार उजवीकडेच आहे. लोखंडी कपाटाच्या मागे, अंधारात. डॉक्टरीणबाई तर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथे काहीच नाही हो. मी खुर्चीचे हात धरून बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.
डॉक्टरीणबाईंचं लेखी मत: "अंधार फार आहे." लोकांच्या तोंडात बॅटरी मारून बघायची सवय. त्यांना काय कळणार अंधार.

१२ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, दारावर एक छोटासा हिरवा दिवा लाव, विषय संपला. मी म्हटलं, दाराला दिवा लावणं हा खेळाडूच्या बुद्धीचा अपमान आहे. साहेब म्हणाले, दोन आठवडे देतो. तेवढ्यात लोकांना दार सापडायला लागलं नाही, तर अख्खा शेवट कापायचा, खोलीसकट.
ठरवलं: लेव्हलमध्ये काडीचाही बदल करायचा नाही. खेळाडू बदलतील.
दुसरं: टेस्टमध्ये संपूर्ण मौन.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
सर्दी झाली आहे. तरी टेस्टला गेलो.
आज एक बस कंडक्टर होता. कपाटापाशी आला आणि तसाच पुढे निघाला. नेमका तेव्हाच मला खोकला आला. खरा खोकला, सर्दीचा. तो दचकून थांबला, इकडेतिकडे बघितलं, उजवीकडे वळला. दार! त्याच्यानंतर एक व्यायामशाळेचे मास्तर. तेही कपाटापाशी आले आणि मला पुन्हा उबळ. दार!
शांतताबाईंनी दोन्ही कागदांवर लिहिलं: सापडलं. लेव्हल तीच, फक्त खेळाडू दर्जेदार.
खोलीत मात्र दोघेही थांबले नाहीत. पळता पळता बंदुकीत गोळ्या भरल्या आणि पुढच्या दाराने पसार. थांब्यावर थांबणं हाच ज्याचा धंदा, तोसुद्धा थांबला नाही. असो. आधी दार, मग खिडकी.

२० फेब्रुवारी, मंगळवार
सर्दी गेली, खोकला राहिला. घरी येत नाही, टेस्टच्या खोलीतच येतो. एसीमुळे असणार. बायकोने औषध दिलं. चमचाभर घेऊन गेलो. दिवसभर हूं की चूं नाही.
आज चार खेळाडू. एकालाही दार सापडलं नाही. फारच सुमार माणसं बोलावली होती. गाढवाला गुळाची चव काय.
औषध कडू आहे. बंद केलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सगळ्यांना सापडलं! सगळ्यांना!
तब्येतीचं एक निरीक्षण लिहून ठेवतो. खेळाडू दारापासून लांब जायला लागला की माझा खोकला कोरडा असतो, जवळ आला की भरदार होतो. यामागचं शास्त्र कोणीतरी शोधायला हवं. संध्याकाळी डॉक्टरकडे गेलो. म्हणाले, छाती स्वच्छ आहे, तुम्हाला काहीही झालेलं नाही. अगदीच नवशिका डॉक्टर.
शांतताबाईंचा अहवाल: "दार सहज सापडतं." साहेबांनी पाठ थोपटली. लेव्हल पास, खोलीसकट. दिवा नाही, काही नाही!
बायकोला बाहेर जेवायला नेलं. ती म्हणाली, अरे, इथेही एसी आहे, तरी तुझा खोकला थांबला की. खरंच की. आनंदाने बरा झाला.

१९ एप्रिल, शुक्रवार
आज गेम बाजारात आला. उद्यापासून लोकांची मतं वाचायची. नम्र राहायचं. आरशासमोर सराव केला: "माझं एकट्याचं नाही हो, सगळ्या टीमचं श्रेय आहे." तिसऱ्या वेळी खरं वाटलं.

२० एप्रिल, शनिवार
सकाळी ८. "पहिल्या भागापेक्षा बंदुकांचा आवाज जबरदस्त." "यंत्रकिडे हुशार झालेत, आता मागून येतात." "गोष्ट बरी, पण हिरो फार बडबडतो." अजून कोणी सातव्या लेव्हलला पोचलेलं दिसत नाही.
दुपारी १. "सातव्या लेव्हलला कोणी आहे का?"
दुपारी १ वाजून १० मिनिटं. "मी आहे. दार कुठे आहे?"
संध्याकाळी ६. दुसरं काही कोणी विचारतच नाहीये.

२२ एप्रिल, सोमवार
मतं उतरवून ठेवतो, अभ्यासासाठी.
"त्या कपाटाच्या खोलीत इतका फिरलोय की आता कंपनी भाडं मागेल."
"पैसे परत द्या किंवा दार द्या."
"पहिला भाग बनवणारे लोक नोकरी सोडून गेले का?"
एकाने मात्र मोठं लिहिलंय. म्हणे दार नाहीच, आणि हाच या गेमचा अर्थ आहे. माणूस आयुष्यभर भिंती चाचपडतो. काय खोल विचार! बायकोला वाचून दाखवला. दुपारी त्यानेच खाली लिहिलं की मी चेष्टा करत होतो, गेम काढून टाकला.
नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तरी माणुसकी म्हणून मी एकेकाला उत्तर द्यायला बसलो: "दार उजवीकडेच आहे." एकाला उत्तर द्यावं तर दहा नवे विचारतात. एकाने विचारलं, कोणाच्या उजवीकडे?
मेहुण्याचा फोन. भाऊजी, तुमच्या गेममध्ये डोकं बधिर झालंय, ते दार कुठाय हो? फोनवर त्याला पावलापावलाने आत नेलं. आत गेल्यावर विचारलं, काय दिसतंय? म्हणाला, गोळ्यांची पेटी आहे, आणि थँक्यू भाऊजी. फोन ठेवला.

२५ एप्रिल, गुरुवार
मीटिंग. साहेबांनी शांतताबाईंना विचारलं, टेस्टमध्ये सगळ्यांना सापडलं होतं ना? बाईंनी सांगितलं की त्यांनी टेस्टची रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. जिथे जिथे दार सापडलं, तिथे आधी खोकला आहे. एकदा नाही, दर वेळी. आणि खोकला एकाच माणसाचा.
मी म्हटलं, धूळ होती.
साहेब म्हणाले, आता काय करू या, प्रत्येक गेमबरोबर तुलाही पाठवू या? मी हसलो. एकटाच हसलो.
घरी येऊन मॉनिटरसमोर बसलो. आत्ता या घडीला कुठे कुठे, कोणाकोणाच्या घरात, लोक त्या कपाटासमोर फेऱ्या घालताहेत. वैतागलेत, शिव्या देताहेत, आणि मी इथे बसलोय. हात लांब करून एकालाही वळवता येत नाही. जेवलो नाही.
तरी माझं मत कायम आहे. त्या खोलीत धूळ होतीच.

३ मे, शुक्रवार
अपडेट आली. कपाट काढलं. दार सताड उघडं. जमिनीवर लुकलुकणारा पिवळा बाण. बाण जरा लहान करा म्हणून मी साहेबांना विनंती केली होती. त्यांनी मान डोलावली आणि बाण मोठा केला.
मतं ताबडतोब सुधारली. "आता कसं!" "बाणाबद्दल आभार." "बाणापुढची खोली गोळ्या भरायला सोयीची आहे." एकाने लिहिलंय, "तिथे खिडकी आहे वाटतं." त्या 'वाटतं'वर मी बराच वेळ बसून होतो.
नवा संकल्प: जगातला एक, फक्त एक माणूस त्या खिडकीपाशी थांबलेला मला बघायचा आहे. मग बाण दिवसभर लुकलुकू दे, माझी तक्रार नाही.

५ मे, रविवार
दुपारी २. बायको रात्रपाळी करून सकाळी आली. डोळे सुजलेले. आंघोळ करून म्हणाली, दाखव बघू तुझी ती खोली, दोन वर्षं नुसतं ऐकतेय. मी म्हटलं, तू दमली आहेस, पुन्हा कधीतरी. ती म्हणाली, पुन्हा कधीतरी तू काहीतरी दुसरं बनवत असशील.
सोफ्यावर बसवलं, कंट्रोलर हातात दिला. सगळ्यात सोपं सेटिंग. मी नियमाप्रमाणे मागे खुर्चीवर. इथूनच लिहितोय.
२ वाजून १५. यंत्रकिड्यांना सॉरी म्हणत गोळ्या मारतेय.
२:३०. पाच वेळा मेली. प्रत्येक वेळी मलाच विचारते, आता मी काय केलं?
२:५०. बाण दिसला. म्हणाली, हा बाण छान केलायस. मी नियम पाळला.
२:५५. आत गेली.
२:५६. खिडकीपाशी उभी राहिली आहे. गोळ्यांच्या पेटीकडे बघितलंसुद्धा नाही!
३:००. अजून उभी आहे. ग्रहाची कड दिसायला लागली. मी श्वास रोखून धरलाय.
३:१०. हललेली नाही. अर्धा ग्रह वर आलाय. ढग दिसताहेत, डावीकडचे, जे मी तीन वेळा खोडून पुन्हा ठेवले होते. मला फार आनंद होतोय. इतका आनंद पगारवाढ झाली तेव्हाही झाला नव्हता. दोन वर्षं फुकट गेली नाहीत. इतर कोणाला नसेल कळलं, पण हिला कळलं.
३:२५. अजूनही. आता काहीतरी विचारावंसं वाटतंय. नियम मोडून विचारतो.
३:२७. झोपली आहे. मान सोफ्याच्या कडेला, कंट्रोलर मांडीवर, तोंड जरासं उघडं.
३:३०. उठवलं नाही. बंदही केलं नाही. पूर्ण ग्रह वर आल्यावर त्याचा निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. इतका उजेड पडेल असं बनवताना वाटलं नव्हतं. तिच्या शेजारी बसलो आणि आपलीच खिडकी बघितली.
४:४०. जागी झाली. म्हणाली, अगं बाई, मी मेले का? मी म्हटलं, नाही, सुखरूप आहेस. विचारलं, कशी वाटली खोली? म्हणाली, फार छान, खूप शांत वाटलं. मग चहा ठेवायला गेली.
झोप हेही एक मतच आहे. शांत वाटल्याशिवाय कोणाला झोप लागते का? बाकीच्या खेळाडूंनी काहीही म्हणू दे. एक माणूस थांबला.

६ मे, सोमवार
सकाळी सहज जातोय असं दाखवून शांतताबाईंच्या टेबलाशी गेलो. आता बाहेर कोण कुठे किती वेळ थांबतं ते सगळं त्यांच्या मॉनिटरवर येतं. विचारलं, अपडेटनंतर माझ्या खिडकीपाशी कोणी थांबलंय का हो?
बाईंनी बघितलं. म्हणाल्या, थांबलंय ना एक जण. काल दुपारी. चांगला दीड-दोन तास.
मी खुर्ची ओढून बसलो. तोंडावर येत होतं की ती माझी बायको. तेवढ्यात बाई म्हणाल्या, पण हा धरायचा नसतो. गेम चालू ठेवून माणूस उठून गेला असेल, नाहीतर झोपला असेल. असे आकडे आम्ही काढून टाकतो, नाहीतर सगळी सरासरी बिघडते.
मग बाकीच्यांची सरासरी किती, म्हणून विचारलं. म्हणाल्या, बंदुकीत गोळ्या भरायला लागतो तेवढा वेळ.
बाईंचं बोट बटणावर होतं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, काढू ना हा?
मी म्हटलं, काढा.