एक डोळा मिटेना

सौ. सरकारांच्या सेवेशी,

शनिवार-रविवारचं रायफल शिबिर छान पार पडलं. खांदा अजिबात दुखत नाही. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर घाबरू नकोस, सहज डाव्या हाताने लिहितोय.

उस्ताद म्हणाले, "डावा डोळा मिटा, नेम धरा." माझे मेले दोन्ही मिटतात! लग्नाआधी तुला डोळा मारला, तेव्हा तूच नव्हतं का विचारलंस, "झोप येतेय का?" शनिवारभर सगळ्या गोळ्या मातीत. पहारेकऱ्याची नोकरी गेलीच म्हणून समजलो.

रविवारी उस्तादांनी वैतागून चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावली, आणि पास झालो!

तुझी कंबर कशी आहे?

पट्टी काढलेली नाही. घरी आलो की दारातच डोळा मारीन. या वेळी एकच मिटलेला दिसेल.

तुझाच,
नेमबाज